पडद्यावरचा संसार

माझ्या ओट्यावरच्या फळीवर गेले तीन आठवडे एक स्टीलचा डबा पालथा पडून होता. डबा माझा नव्हता, आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींचा होता. संक्रांतीला त्यांनी त्यातून तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या. वड्या दोन दिवसांत संपल्या, डबा घासूनपुसून ठेवला, आणि मग तो परत द्यायला माझे पाय काही निघेनात. का, ते पुढे सांगते. आधी मला एका अमेरिकन बाईची गोष्ट सांगायची आहे. कारण मैत्रिणींनो, तिच्यामुळेच तो डबा अखेर परत गेला.

झालं असं, की माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. फोनवर म्हणाली, "ताई, सकाळी शाळेत पोरांना इंग्रजी शिकवतेस, मग घरचं करतेस, दमतेस. रात्री जरा हसायचं काहीतरी बघत जा. 'आय लव्ह लुसी' बघ. सत्तर वर्षांपूर्वीची मालिका आहे, पण हसून हसून पोट दुखेल." आठवीचे पेपर तपासून हातावेगळे झाले होते. मी बघायला बसले.

नायकाचं नाव वाचलं, देसी आर्नाझ. म्हटलं, हा कोण बाई आपला देशी माणूस अमेरिकेत जाऊन बसलाय! तर तो निघाला क्यूबाचा. मूळ नाव देसिदेरिओ, त्याचं सुटसुटीत रूप देसी. नायिका लुसिल बॉल. मालिकेत ती लुसी रिकार्डो आणि तो तिचा नवरा रिकी, एका नाइट क्लबात बँड चालवणारा. नवऱ्यासारखं आपणही रंगमंचावर जावं ही लुसीची हौस, आणि त्या हौसेपायी रोज एक नवा घोटाळा. म्हाताऱ्या वळणाचे फ्रेड आणि एथेल हे घरमालक, शेजारी आणि घोटाळ्यातले भागीदार. १५ ऑक्टोबर १९५१ ला ही मालिका अमेरिकेत सुरू झाली आणि मे १९५७ पर्यंत तिचे अर्ध्या अर्ध्या तासाचे १८० भाग झाले.

त्यातला सप्टेंबर १९५२ मधला एक भाग तर तुम्ही सगळ्याजणींनी आपापल्या घरी सक्तीनं दाखवावा असा आहे. नवरेमंडळी म्हणतात, घर सांभाळण्यात काय मोठंसं? मग अदलाबदल ठरते. लुसी आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात नोकरीला जातात. समोरच्या सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, ती कागदात गुंडाळायची. पट्ट्याचा वेग वाढतो, हात पुरेनात. मग चॉकलेटं तोंडात कोंब, टोपीत भर, ब्लाउजात सार! आणि इकडे घरी रिकी भात टाकतो, माणशी एक पौंड तांदूळ, म्हणजे माणशी जवळजवळ अर्धा किलो. पातेल्यातून भात उतू जातोय आणि दोन्ही पुरुष तो थोपवायला धडपडताहेत. आमचे हे बाहेरच्या खोलीतून हसण्याचा आवाज ऐकून आत आले, आणि भाताचा प्रसंग पाहून मुकाट्यानं परत गेले. कुकर लावायला सांगितल्यावर पाणी घालायचं विसरल्याला अजून वर्ष झालेलं नाही!

इथपर्यंत सगळं छान होतं. पण चारपाच भाग झाले आणि माझं बोट मोबाइलवर आपोआप दुसरीकडे वळलं. ही दोघं खऱ्या आयुष्यातही नवराबायको होती. मग ती खरंच अशी होती का? मुलं किती झाली? शेवटपर्यंत नीट राहिली ना? रात्री साडेअकरापर्यंत, पांघरुणात तोंड खुपसून, मी एका परक्या आणि केव्हाच वारलेल्या जोडप्याचा संसार उचकटत होते. ह्यांनी कूस बदलून विचारलं, "परीक्षा मुलांची आहे की तुझी?"

आता जे वाचलं ते सांगते. ३० नोव्हेंबर १९४० ला दोघांचं लग्न झालं. ती एकोणतीस वर्षांची, तो तेवीसचा. त्या काळात बायको सहा वर्षांनी मोठी, म्हणजे अमेरिकेतही भुवया उंचावल्या असतील. तिचं काम हॉलिवूडमध्ये, आणि त्याचा बँड गावोगाव फिरणारा. हा येतो तेव्हा ती चित्रीकरणावर, ती घरी येते तेव्हा हा दौऱ्यावर. १९४४ मध्ये तिनं घटस्फोटाचा अर्जही केला होता, मग समेट झाला. पुढे तिचा रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आणायचं ठरलं, तेव्हा बाईंनी हट्ट धरला की नवऱ्याची भूमिका माझाच नवरा करील. अमेरिकन बाईचा नवरा म्हणून क्यूबाचा, बोलण्यात हेल असलेला माणूस लोक स्वीकारणार नाहीत, असं चॅनलवाल्यांना वाटत होतं. तेव्हा ह्या दोघांनी १९५० मध्ये गावोगाव रंगमंचावर जोडीनं कार्यक्रम करून दाखवला, लोक हसतात आणि टाळ्याही देतात हे सिद्ध केलं. म्हणजे बघा, नवरा संध्याकाळी घरी दिसावा म्हणून बाईनं अख्खी मालिका उभी केली! आपण तर नुसतं "आज लवकर या हं" म्हणतो.

मग १९५२ मध्ये लुसिलला दिवस गेले. त्या काळी दूरचित्रवाणीवर गरोदर बाई दाखवायची म्हणजे आकाश कोसळल्यासारखं. मालिकेत नवराबायकोच्या खाटासुद्धा वेगवेगळ्या! पैसे देणारी सिगारेट कंपनी बिथरली. शेवटी दाखवायचं ठरलं, पण 'गरोदर' अशा अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द कुठेही वापरायचा नाही, आडवळणानं बोलायचं. संवाद आधी तीन धर्मगुरूंकडून तपासून घेतले, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट आणि एक ज्यू. हसू नका बरं का. आपल्याकडेही "तिला बरं नाहीये जरा" किंवा "गोड बातमी आहे" असंच आडून म्हणायची रीत होती आणि बऱ्याच घरी अजून आहे.

१९ जानेवारी १९५३ ला मालिकेतल्या लुसीला मुलगा झाला. तो भाग आधीच चित्रित झालेला होता. आणि त्याच दिवशी सकाळी खऱ्या लुसिलला, शस्त्रक्रियेनं, मुलगाच झाला. त्या रात्री सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून शपथ घेणार होते. त्यांचा शपथविधी पाहणारे होते २ कोटी ९० लाख. एका नटीच्या बाळानं देशाच्या अध्यक्षाला मागं टाकलं! अडीच महिन्यांचं ते बाळ एप्रिलमध्ये एका नव्या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर झळकलं. मालिकेतलं बाळ वेगळं आणि खरं बाळ वेगळं, पण कित्येक प्रेक्षकांच्या मनात दोघांची गल्लत झाली ती झालीच. ह्या बाळाची थोरली बहीण मात्र घरी होती, दीड वर्षाची. मालिकेत त्या जोडप्याला मुलगी नव्हती. तिला त्या गर्दीत कोण ओळखणार? मला वाचताना तिचंच जास्त वाईट वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, दार त्यांनीच उघडलं ना? खरं आहे. स्वतःचं लग्न, स्वतःचं बाळंतपण त्यांनी लोकांपुढे मांडलं, त्यावर पैसा आणि नाव कमावलं. मग लोक डोकावणारच. पण मैत्रिणींनो, आपण पाहुण्यांना दिवाणखान्यात बसवतो, पोहे देतो. म्हणून पाहुण्यांनी आपलं कपाट उघडून बघायचं नसतं.

कपाटं उघडणारे निघालेच. सप्टेंबर १९५३ मध्ये गाजलं की लुसिलनं पूर्वी, १९३६ साली, मतदार म्हणून नोंदणी करताना कम्युनिस्ट पक्षाचं नाव लिहिलं होतं. तेव्हाच्या अमेरिकेत हा आरोप म्हणजे भल्याभल्यांची पोटावरची भाकरी जाण्यासारखा. समाजवादी विचारांच्या आजोबांचं मन राखायला तसं लिहिलं, असं तिनं चौकशीत सांगितलं. चित्रीकरणाला जमलेल्या प्रेक्षकांपुढे देसीनं तिची बाजू घेतली. म्हणाला, हिच्यात लाल काय ते फक्त केस, आणि तेही खरे लाल नाहीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रकरण मिटलं. मूळचे तिचे केस तपकिरी होते, हे मात्र त्यानिमित्तानं सगळ्या देशाला कळलं.

जानेवारी १९५५ मध्ये 'कॉन्फिडेन्शियल' नावाच्या एका चटकदार अंकानं मुखपृष्ठावरच प्रश्न टाकला, देसीचं लुसीवर खरंच प्रेम आहे का? मालिकेचंच नाव उलटं करून मारलेला बाण. आत त्याच्या बाहेरख्यालीपणाच्या गोष्टी. बातमी सगळी खोटी होती का? इथंच तर पंचाईत आहे. नव्हती. पुढे १९७६ मध्ये देसीनं स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं, त्यात दारू आणि इतर बायका ह्यातलं काही फारसं लपवलं नाही. तरीपण त्यानं स्वतः कबूल करणं आणि कुणीतरी खिडकीतून वाकून बघून छापणं, ह्यात मला फरक वाटतो. बायको वाण्याकडे साबण आणायला गेली आणि दुकानात टांगलेल्या अंकावर तिला आपल्याच संसाराचा प्रश्न वाचायला मिळाला, तर तिनं काय करायचं?

ह्या दोघांवर २०२१ मध्ये एक चित्रपटही आला, 'बीइंग द रिकार्डोज'. निकोल किडमननं लुसिलचं काम केलं आहे. तोही मी पाहिला. त्यात बाळाची चाहूल, कम्युनिस्ट असल्याचा आरोप आणि नवऱ्याविषयीची बातमी हे सगळं एकाच आठवड्यात घडतं. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या. म्हणजे 'पडद्यामागचं खरं आयुष्य' म्हणून आपण जे डोळे विस्फारून बघतो, तेही पुन्हा कुणीतरी सोयीनं मांडलेलं नाटकच असतं.

वाचता वाचता मी २ मार्च १९६० ह्या तारखेपाशी आले. अर्ध्या तासाची मालिका संपल्यावर ह्याच पात्रांचे तासातासाचे काही खास भाग अधूनमधून होत असत. त्यातल्या शेवटच्या भागाचं चित्रीकरण ह्या दिवशी झालं. देसीचा तो त्रेचाळिसावा वाढदिवस होता. गोष्टीच्या शेवटी, ठरल्याप्रमाणे, लुसी आणि रिकी एकमेकांना जवळ घेतात, चुंबन घेतात, सगळं गोड होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, लुसिलनं कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला.

मी मोबाइल बंद केला. झोप येईना. आणि त्या क्षणी मला समोरच्या वहिनी आठवल्या, आणि फळीवरचा तो डबा.

आता ती गोष्ट. हे मी वहिनींना विचारून लिहिते आहे. "लिहा, पण पोरीची शाळा नि ह्यांचं ऑफिस लिहू नका," एवढीच त्यांची अट. चारदोन तपशील मी बदललेही आहेत.

आमच्या इमारतीत दर गणपतीत छोटे छोटे कार्यक्रम होतात. त्यात वहिनी आणि भावजी दरवर्षी वीस मिनिटांचं एक नाटुकलं करायचे. विषय नेहमीचाच, नवराबायकोची खडाजंगी. नवरा कोथिंबीर आणायला जातो आणि कोथिंबीर सोडून सगळं घेऊन येतो. बायको माहेरी जायची धमकी देते, नवरा आनंदानं बॅग भरून देतो. दोघांचं टायमिंग असं, की म्हातारीकोतारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. आम्ही सगळ्या म्हणायचो, जोडी असावी तर अशी. आपापल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून सांगायचो, "बघा जरा!" गेल्या गणपतीतलं नाटुकलं तर सगळ्यांत रंगलं. आणि दिवाळी झाल्यावर महिन्याभरात भावजी घर सोडून दुसऱ्या गावी राहायला गेले. वहिनी आणि मुलगी इथंच.

संक्रांत आली. वहिनींच्या मुलीनं सकाळी तिळाच्या वड्यांचा तो डबा आणून दिला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाली. आणि त्याच आठवड्यात एका घरी हळदीकुंकू होतं. वहिनींना बोलावणं नव्हतं. "उगाच त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको," असं यजमानीणबाईंचं म्हणणं. आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. अत्तर लागलं, वाण मिळालं, चहाची गाळणी. आणि बोलणं आपोआप त्याच विषयावर गेलं. "म्हणजे ते सगळं नाटकच होतं म्हणायचं!" "आपल्याला काय माहीत, बाई?" आणि मग मी म्हणाले, "मला तर गणपतीतच शंका आली होती. हसणं जरा जास्तच होतं."

खरं सांगते, मला कसलीही शंका आलेली नव्हती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले होते. पण ते वाक्य टाकलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "हो का? काय हो, काय पाहिलंत?" आणि तो क्षणभराचा मान मला आवडला, हे कबूल करायला हवं. पोटात तिळगूळ त्यांच्याच घरचा होता.

चार दिवसांनी जिन्यात वहिनी भेटल्या. मी शिकवते म्हणून इमारतीत सगळे मला 'बाई' म्हणतात. एरवी "काय बाई, शाळा सुटली का?" असं विचारल्याशिवाय त्या पुढे जात नसत. त्या दिवशी नुसत्या हसल्या आणि बाजूला होऊन मला वाट दिली. माझं वाक्य पोहोचलं होतं. तेव्हापासून डबा फळीवर.

त्या रात्री पडल्या पडल्या मी विचार करत होते, आपल्याला दुसऱ्याच्या, त्यातून हसवणाऱ्या माणसांच्या संसाराची एवढी उत्सुकता का? नुसती चोंबडेपणाची खोड म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. लहानपणी आमच्या घरी सगळे जेवता जेवता 'श्रीयुत गंगाधर टिपरे' बघायचे. दिलीप प्रभावळकरांचे आबा, बाकीचं सगळं कुटुंब. मला कित्येक दिवस वाटायचं की ही माणसं मालिका संपल्यावरही त्याच घरात जेवायला बसत असणार. ती वेगवेगळ्या घरी जातात हे आईनं सांगितलं, तेव्हा मी रुसले होते. लुसिलचं जन्मगाव जेम्सटाउन. तिथं आता लुसी-देसींचं संग्रहालय आहे, आणि मालिकेतल्या त्या खोट्या घराच्या खोल्या तिथं पुन्हा उभारून ठेवल्या आहेत. माणसं त्या बघायला जातात. मला ते हास्यास्पद वाटत नाही. आपल्याला कुठंतरी खात्री हवी असते, की असं हसतं घर असू शकतं. आपल्या घरात रोज भाजीच्या मिठावरून कुरकुर असते, पण कुठंतरी तसं घर आहे ना, मग चालेल.

आणि ते घर मोडलं की आपल्याला फसवल्यासारखं होतं. मग आपण त्याचा सूड घेतो. "मला आधीच माहीत होतं," असं म्हटलं की आपली फसगत झाली नाही असं होतं ना! शिवाय मनाच्या तळाशी एक गारवाही असतो, की चला, त्यांचंही आपल्यासारखंच. किंबहुना आपलंच बरं. हा गारवा मला हळदीकुंकवाच्या दिवशी मिळाला होता. तो फार टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू वळले. डबा रिकामा परत करू नये हे तुम्हाला मी काय सांगायचं! डबा घेऊन समोरची घंटा वाजवली. वहिनींनी दार उघडलं. मुलगी गृहपाठ करत बसली होती.

"अहो, डब्याची काय घाई होती?" त्या म्हणाल्या. तीन आठवडे झाले होते. त्यात टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. त्यांनी चहा ठेवला. मी उगाच पाण्याची वेळ, गॅसचा नंबर असलं काहीबाही बोलत राहिले. चहा गाळता गाळता पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं,

"बाई, गणपतीत तुम्हाला खरंच शंका आली होती?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तसं का म्हणालात?"

आठवीच्या वर्गात मी मुलांना हाच प्रश्न विचारते, "मग तसं का केलंस?" मुलं खाली बघत उभी राहतात. मला वाटायचं, उत्तर का देत नाहीत? आता कळलं. "चुकलं माझं," एवढंच माझ्या तोंडून आलं.

त्यांनी कप पुढे ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शंका येण्यासारखं तेव्हा काही नव्हतंच हो. नाटुकलं बसवायचे ते पंधरा दिवस आमच्या घरात भांडण नसायचं. जेवणं झाली की आम्ही दोघं इथं उभं राहून वाक्यं पाठ करायचो. ही पोरगी हसायची. तेवढे दिवस खरे होते, बाई. बाकीचं काय बोलायचं ते बायका बोलू देत, पण नेमकं तेवढ्यालाच नाटक म्हणतात, त्याचं वाईट वाटतं."

मी चहा प्यायले आणि घरी आले.

लुसी आणि देसींचं पुढे काय झालं ते नंतर वाचलं, पण आता वाचण्याची नजर थोडी बदलली होती. ४ मे १९६० ला घटस्फोट झाला. दोघांनीही पुढे दुसरी लग्नं केली. पण १९६२ मध्ये लुसिलची नवी मालिका सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला निर्माता म्हणून देसीच होता. त्याच वर्षी तिनं दोघांच्या कंपनीतला त्याचा हिस्सा विकत घेतला आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. हॉलिवूडमध्ये एवढ्या मोठ्या स्टुडिओची सूत्रं हातात घेणारी ती पहिली बाई. तिच्या त्या कंपनीतूनच 'स्टार ट्रेक' मालिका निघाली. खिडकीतून वाकून बघणाऱ्यांच्या गर्दीत ही गोष्ट किती कमी सांगितली जाते बघा! नवऱ्यानं तिला कसं वागवलं ते मला पहिल्याच रात्री सापडलं, तिनं पाच वर्षं स्टुडिओ कसा चालवला ते सापडायला तिसरी रात्र उजाडली.

२ डिसेंबर १९८६ ला देसी कर्करोगानं वारला. पाच दिवसांनी वॉशिंग्टनला लुसिलचा मोठा राष्ट्रीय सन्मान झाला. देसीनं त्या समारंभासाठी आधीच संदेश लिहून ठेवला होता, तो व्यासपीठावरून वाचून दाखवला. त्याचा मथितार्थ असा, की मालिकेचं ते नाव माझ्यासाठी नुसतं नाव कधीच नव्हतं. लग्न मोडून सव्वीस वर्षं झाली होती. १९५५ मधल्या त्या अंकानं विचारलेल्या प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर म्हणा हवं तर. म्हणून त्याचे दोष पुसले गेले असं मी म्हणत नाही. लुसिलनं जे सोसलं ते सोसलंच. पण ज्या लग्नाचा शेवट असा झाला, त्यातले हसण्याचे दिवस खोटे ठरवायचा अधिकार बाहेरच्याला नाही, एवढं मात्र मला पटलं.

तेव्हा मैत्रिणींनो, नटनट्यांचं वाचायचंच नाही असा काही उपदेश मी करणार नाही. मी स्वतः तो पाळणार नाही, मग तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? स्वतःहून कुणी आत्मचरित्रात, मुलाखतीत सांगितलं असेल ते मी खुशाल वाचीन. चोरून काढलेला फोटो आणि "जवळच्या सूत्रांकडून" कळलेलं असेल, तर बोट पुढे सरकवायचा प्रयत्न करीन. आणि शेजारणीच्या बाबतीत मी दोनच गोष्टी ठरवल्या आहेत. एक म्हणजे, कुणाचं घर मोडलं तर "मला आधीच माहीत होतं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, अगदी माहीत असलं तरी. आणि दुसरं, हळदीकुंकवाचं बोलावणं कुणाला जाणार नाही असं कळलं, तर तिथल्या तिथं विचारायचं, "का बरं?" विचारायला जड जाईल. पण पुढच्या वर्षी हळदीकुंकू माझ्या घरी आहे, आणि पहिलं बोलावणं कुणाला जाणार ते मी ह्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे.

वहिनी पूर्वीसारख्या जिन्यात थांबून बोलायला लागल्यात असं अजून नाही. ते एका बेसनाच्या लाडवानं होणार नाही. पण परवा तो डबा पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी त्यात शेंगदाण्याची चटणी होती. डबा घासून ठेवला आहे. उद्या शाळेतून आले, की आधी तो परत करायचा.